काढायचा खर्च

पाटोद्यात फ्लेक्सवर कुणाचं तोंड किती मोठं छापायचं हे मी ठरवते, असं लोकांना वाटतं. ते साफ खोटं आहे. ठरवतात इथले पुढारी विजयसिंह भैय्या, मी फक्त माउस हलवते. माझं नाव शिवकन्या. बसस्टँडच्या मागचं 'माऊली फ्लेक्स' हे दुकान माझं आणि आतलं मशीन बँकेचं. वाढदिवस असो की नियुक्ती, वरच्या ओळीत मोठे नेते, मध्ये भैय्या कमरेवर हात ठेवून आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांची तोंडं वाटाण्याएवढी झाली तरी त्यांची तक्रार नसते. पण एखाद्याचं राहून गेलं, की तो दुकानात येऊन उभा राहतो आणि विचारतो, "ताई, आमी काय मेलोत का?"

फ्लेक्सचा एक गुण मात्र मानावा लागेल. लावायला पैसे लागतात, काढायला लागत नाहीत. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरची माणसं येतात, दोऱ्या कापतात आणि घडी करून घेऊन जातात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेल्यावर कारखान्याच्या माळावर राहायला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी घालायची असते आणि कोपीवर टाकायला फ्लेक्ससारखं दुसरं काही नाही. पाच-सहा वर्षांची असताना मी अख्खा हंगाम एका आमदाराच्या मिशीखाली झोपले आहे. आपण लावलेली गोष्ट कुणीतरी फुकटात काढून नेतं, याची भैय्यांना वर्षानुवर्षांची सवय. पुढचं सगळं रामायण त्या सवयीतून घडलं.

उन्हाळ्यात भैय्यांचं इंटरनेटवरचं पान बंद पडलं. कुठल्या कंपनीवरचं ते विचारू नका, सगळ्या जगाचं असतं तिथलंच. बत्तीस हजार लोक होते त्याच्यावर. भैय्यांचा खास कार्यकर्ता नाथा यानं त्याच पानावरून विरोधकाच्या आईचा उद्धार केला, तोही सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी पान गेलं. भैय्यांनी तहसीलला फोन लावला, ठाण्यात लावला, मुंबईत दोन पीएंना लावला. कंपनीचा मालक कुठं बसतो आणि कुणाचं ऐकतो, हे कुणालाच सांगता येईना. आपला फोन न उचलणारा माणूस जगात आहे, हे भैय्यांना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि ते फार मनाला लावून घेतलं.

तेवढ्यात पुण्याहून त्यांचा भाचा आदिनाथ आला. कॉम्प्युटर इंजिनियर. माझ्या दुकानातच बैठक झाली, कारण एसी माझ्याकडे आहे.

"मामा, आता मालक नसलेलं जाळं आलंय," आदिनाथ म्हणाला. "ज्याचा त्याचा सर्व्हर. म्हंजी आपलं स्वतःचं यंत्र. सगळी यंत्रं एकमेकाशी बोलतेत. आपण हितं टाकलं की तिकडं आपोआप जातंय. कुणीच आपल्याला बंद करू शकत न्हाई."

"आन् आपलं लिहिलेलं कुणी पुसू शकतंय का?"

"कुणीच न्हाई."

भैय्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ बे नाथा, ह्याला म्हणतेत लोकशाही. खर्च किती?"

"फुकट हाय, मामा."

हा शब्द मी नीट लक्षात ठेवला आहे. सॉफ्टवेअर फुकट होतं, खोटं नाही. पाहुण्यानं दावणीला गाय फुकट बांधून जावं आणि वैरणीचं आपण बघावं, त्यातली गत. नावाचं वर्षाचं भाडं, यंत्राचं महिन्याचं भाडं, फोटो साठवायच्या जागेचं वेगळं भाडं. लोक रोज पासवर्ड विसरत, तर नवा पासवर्ड ईमेलनं पाठवायचेही पैसे. आदिनाथ तिसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेला आणि सगळी राखण माझ्या गळ्यात पडली. मी शिकले. इंग्रजी वाचून, व्हिडिओ बघून, दोनदा यंत्र आडवं पाडून शिकले. त्याबद्दल मला कुणी एक नारळसुद्धा दिला नाही.

तीनशे चाळीस जणांनी खाती उघडली. प्रत्येकाचा रोज सकाळी एक गुलाब, एक सुविचार आणि कोपऱ्यात स्वतःचा फोटो. अकराव्या दिवशी जागा भरली. उघडून बघते तर निम्मा माल आपला नव्हताच. या जाळ्याची रीत अशी, की आपला माणूस ज्याच्यामागे लागतो, त्यानं टाकलेल्या प्रत्येक फोटोची एक प्रत आपल्या यंत्रात येऊन बसते. नाथानं, उलटून आपल्यालाही कुणी विचारेल या आशेनं, सहाशे परदेशी माणसांना गाठलं होतं. त्यात जर्मनीतली एक बाई होती आणि तिच्याकडे एक लठ्ठ मांजर होतं.

"भैय्या, ह्या मांजरीनं बरीच जागा खाल्लीय," मी बिल पुढं ठेवत म्हणाले.

"तिचं भाडं आपण कावून भरायचं?"

"तसंच असतंय. तिच्या यंत्रातबी आपल्या नाथाचे गुलाब साठलेत, त्याचं ते भरायलेत."

भैय्यांनी बिलावरून नजर काढली. "म्हंजी आपण जर्मनीत पोचलो?" आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला: 'आता जर्मनीतही'. खाली एकशे वीस शुभेच्छुक होते. मांजर घालू का, असं मी विचारलं होतं, पण त्यांना ते थट्टेचं वाटलं.

श्रावणात भैय्यांचा वाढदिवस त्यांच्याच मंगल कार्यालयात झाला. जेसीबीतून फुलं उधळली, पावणेदोनशे हार पडले. त्या गर्दीत शाळेच्या हेडमास्तरांनी एक अर्ज दिला. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं सहा महिने मागं ठेवायची तर त्यांच्या जेवणाची सोय मंजूर झाली होती, राहायला जागा नव्हती. हार पडले की भैय्यांचा हात सैल सुटतो. त्यांनी माईक ओढला. "दिवाळी झाली की हे मंगल कार्यालय सहा महिने आपल्या ऊसतोड कामगाराच्या लेकराचं. लग्नाची एक तारीख घेणार न्हाई. घेतली तर ह्याच स्टेजवर माझ्या तोंडाला काळं फासा."

टाळ्यांनी पत्रे वाजले. पुढच्या रांगेत वस्तीवरची भिवराबाई बसली होती, शेजारी तिची नात संस्कृती. भिवराबाई, तिचा नवरा आश्रुबा, मुलगा आणि सून, चौघेही कोयता घेऊन जातात. घर राखायला मागं कुणी राहत नाही, म्हणून पोरगी दरवर्षी बरोबर जायची आणि दरवर्षी अर्धी शाळा बुडायची. यंदा ती दहावीला. आमच्याकडे दहावी बुडालेल्या मुलीचं पुढं काय होतं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मांडव पडतो. भाषण झाल्यावर भिवराबाईनं नातीच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तिचे डोळे भरलेले मी कॅमेऱ्यातून पाहिले.

शूटिंग मीच केलं होतं. आदिनाथनं पुण्यातून खाली इंग्रजी ओळी चढवून दिल्या आणि मी व्हिडिओ जाळ्यावर सोडला. मांजरवाल्या बाईनं तो पुढं ढकलला. तिच्या ओळखीच्यांनी आणखी पुढं. दोन तासांत शेकडो सर्व्हर एकाच वेळी आपली प्रत न्यायला आमच्या दारात आले आणि आमचं यंत्र झोपलं. भैय्या दोन दिवस जर्मनी जर्मनी करत फिरले.

दसऱ्याच्या सुमाराला बिल आलं अकरा हजार चारशेचं. त्याच आठवड्यात तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांसाठी पाहुणे मंगल कार्यालयाचा भाव विचारू लागले. भैय्यांनी मला बोलावून घेतलं.

"ते जाळं काढून टाक," ते म्हणाले. "व्हिडिओसकट."

मी खुर्ची ओढून बसले आणि जेवढ्या सोप्या शब्दांत सांगता येईल तेवढं सांगितलं. "भैय्या, काढायच्या दोन रीती हायेत. एक म्हंजी रीतसर पुसायचं. आपलं यंत्र प्रत्येक सर्व्हरला निरोप धाडतंय, की आमी हे पुसलं, तुमीबी पुसा. त्याला यंत्र आणखी महिनाभर चालू ठेवावं लागतंय. आन् राखीव प्रत घ्यावी लागतीय, चारशे रुपये. आपल्या सर्व्हरची सही त्याच्यात असती, ती बघूनच बाकीचे निरोप मानतेत. दुसरी रीत म्हंजी वायर उपटायची. आपलं जातंय, पण ज्याच्याकडं प्रत गेली त्याच्याकडं ती राहती. मग पुसा म्हणून सांगायला आपणच उरत न्हाई."

"लावायला खर्च, आन् काढायलाबी खर्च? कुठल्या गावचा कायदा हाय ह्यो?" भैय्या म्हणाले. "फ्लेक्स काढायचे तू कधी पैसे घेतलेस का?"

"न्हाई."

"मग. दोरी काप."

मी दोरी कापली. भाडं थांबलं तशी सात दिवसांनी कंपनीनं यंत्र पुसून दुसऱ्याला दिलं. पुन्हा एकदा समजावून सांगता आलं असतं मला. पण समजावण्याचेही पैसे मिळत नव्हते.

भाऊबीज झाली. भिवराबाई संस्कृतीची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मंगल कार्यालयावर गेली, तर गेटला कुलूप आणि कमानीवर दिव्यांच्या माळा चढत होत्या. चार लग्नं ठरली होती. भैय्यांनी तिला गाडीतूनच सांगितलं, "पुढच्या साली बघू, पाव्हण्याला शब्द दिलाय." तशीच पेटी घेऊन ती माझ्याकडे आली.

"शिवकन्ये, त्या दिशी तू शूटिंग केलतंस न माय? चार लोकाला दाव की."

"मावशी, ते बंद झालंय सगळं. भैय्यानंच बंद करायला लावलं."

"सोमवारी गाडी हाय टोळीची. फडात नेली की झालं मग. तिचा बाप एका स्थळाला बोलून बसलाय."

संस्कृती काउंटरपाशी उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, "ताई, परीक्षेपुरतं यायचं भाडं मुकादम देईल का?"

मी म्हणाले, देईल बहुतेक. जाळ्यावरचं बंद झालं होतं हे खरं, पण व्हिडिओ माझ्या लॅपटॉपमध्ये होता. ज्या टेबलावर भिवराबाईनं हात टेकला होता, त्याच टेबलावर तो लॅपटॉप होता. मी बोलले नाही. माझी निम्मी छपाई भैय्यांची आहे आणि बँक हप्ता घेताना माणसाचं मन बघत नाही. त्या दोघी गेल्यावर मला माझीच लाज वाटली.

शनिवारी कडा गावचे आप्पाराव आले. त्यांच्या मुलीचं लग्न या मंगल कार्यालयातलं पहिलं, आणि पत्रिका माझ्याकडेच छापायला होती. मी नमुना पुढं ठेवला. त्यांनी तो बघितलाच नाही, खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला.

"गाड्या लावायला जागा किती हाय बघावं म्हणून पोरानं कार्यालयाचं नाव टाकलं," ते म्हणाले. "तर हे निघालं. कोण हाय हे?"

पडद्यावर भैय्या होते. गळ्यापर्यंत हार, हातात माईक, खाली इंग्रजी ओळी आणि वर जर्मन भाषेत काहीतरी. आमचं यंत्र चालू होतं तोवर नाव टाकलं की आमचंच आधी दिसायचं, बुकिंगच्या नंबरासकट. ते आम्ही बंद केलं. उरली ती जर्मनीतली प्रत, म्हणून आता तीच पहिली निघत होती. तोंडाला काळं फासा, असं भैय्या एका अनोळखी सर्व्हरवरून सगळ्या वऱ्हाडाला सांगत होते.

"भैय्याच हायेत," मी म्हणाले.

"आमच्या व्याह्याकडंबी गेलंय हे. ते म्हणायलेत, लेकराची जागा हिसकून मांडव घालता का? आन् अक्षता पडायच्या टायमाला कुणी काळं घेऊन आलं म्हंजी?" आप्पारावांनी पत्रिका परत सरकवली. "स्थळ बदल. आष्टीला करतो मी."

रविवारी दुपारपर्यंत बाकीची तीन लग्नंही मोडली. म्हणजे लग्नं टिकली, मंगल कार्यालय मोडलं. देवाशपथ सांगते, मी तो व्हिडिओ कुणालाही दाखवला नव्हता. यात माझी काही फुशारकी नाही, उलट तेच तर वाईट आहे.

चार वाजता भैय्या नाथाला घेऊन दुकानात आले.

"फोन लाव," ते म्हणाले.

"कुणाला?"

"जर्मनीला."

मी आदिनाथला लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. त्यानं त्या सर्व्हरच्या चालकाला इंग्रजीत पत्र धाडलं. चालक म्हणजे कुणी साहेब नव्हता. तो तिकडचा शाळामास्तर निघाला, रिकाम्या वेळेत सर्व्हर सांभाळणारा, त्याचा खर्च लोकांच्या वर्गणीतून भागवणारा. तासाभरात उत्तर आलं. आदिनाथनं मराठीत सांगितलं, "मामा, तो म्हणायलाय, मी दुसऱ्याचं लिहिलेलं पुसत न्हाई. ज्यानं टाकलं त्याच्या सर्व्हरवरून निरोप आला, की आमच्याकडचं आपोआप पुसतंय."

"मग धाड निरोप."

"आपला सर्व्हर कुठं हाय आता? नवा घेतला तरी त्याची सही जुळणार न्हाई. राखीव प्रत घेतलीती का?"

नाथा माझ्याकडे बघू लागला. मी भैय्यांकडे बघितलं. "चारशे रुपये," मी म्हणाले.

भैय्यांनी रुमालानं मान पुसली. "त्याला काय पाहिजे ते विचार."

"काहीच नको म्हणतोय, मामा."

"घेतच न्हाई?" भैय्यांना हे खरोखर कळेना. "मग त्याच्या वर कोण हाय? त्याला लाव."

"वर कुणीच नसतंय. तुमाला तेच तर आवडलंतं. आन् ह्या एकाकडंच थोडं हाय, शेकड्यांनी सर्व्हरवर गेलंय. काहीनं पुसलं असंल, काहीनं ठेवलं असंल, मोजता येत न्हाई. पत्रात खाली आणखी एक ओळ हाय. आमच्या इथले लोक विचारायलेत म्हणतो, लेकरं राहायला आली का?"

नाथानं खाली मान घातली. मला वाटलं, आता भैय्या फोन आपटणार. पण पंचवीस वर्षं राजकारण करणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. दोन मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथं फ्लेक्सवरचं हसू आलं.

"शिवकन्या, बारा बाय वीसचा एक काढ," ते म्हणाले. "वर लिही, वचनपूर्ती. शब्दाला जागणारा माणूस. फोटो तोच, कमरेवर हातवाला."

"शुभेच्छुक?"

"सगळे."

सोमवारी सकाळी आठला मंगल कार्यालय उघडलं. नवरीसाठी राखलेल्या गाद्या स्टेजवर पसरल्या, नवरदेवाच्या खोलीत हेडमास्तरांनी वह्या ठेवल्या. भैय्यांनी संस्कृतीला एक पेन दिला आणि फोटोसाठी तोच पेन पुन्हा दोनदा दिला. तिनं तिन्ही वेळा घेतला. पत्र्याची पेटी तिनं भिंतीकडेला खिडकीखाली लावली, वर पुस्तकं रचली आणि तिथून ती हलायलाच तयार नव्हती. आदिनाथचा मेसेज आला, मास्तरला काय कळवू? मी लिहिलं, "आली. सेहेचाळीस." मांजरीची सगळी जागा मी त्या क्षणी माफ केली.

बाहेर रस्त्यावर टोळीचा ट्रक उभा होता. भांडी, कोयते, सरपण, दोन शेळ्या आणि माणसं. भिवराबाई नातीचा निरोप घेऊन गेटपाशी आली. भैय्या तिथंच हात जोडून उभे होते, ती आभार मानेल या अपेक्षेनं. ती त्यांच्या बाजूनं पुढं गेली आणि मान वर करून बारा बाय वीसचा फ्लेक्स बघू लागली.

"शिवकन्ये, हे कधी काढणार?"

"चार दिवस तरी राहील, मावशी."

"आताच दे. गाडी थांबलीय."

मी भैय्यांकडे बघितलं नाही. कटर काढला, शिडीवर चढले आणि चारी दोऱ्या कापल्या. फ्लेक्सवरचे भैय्या कमरेवर हात ठेवूनच खाली आले आणि खरे भैय्या हात जोडून हसतच राहिले, कारण पत्रकार अजून चहा पीत होते. आम्ही दोघींनी घडी घालायला घेतली. मी लहानपणीच्या सवयीनं तोंडाची बाजू आत घेतली. कोपीत छापलेली बाजू आतून ठेवतात, म्हणजे रंग टिकतो आणि लेकरांना झोप येईपर्यंत बघायला काहीतरी मिळतं.

भिवराबाईनं घडी उलटी केली. "बाहीरच्या अंगाला राहू दे तोंड," ती म्हणाली. "औंदा खाली बघायला लेकरू न्हाई."